खिडकी नसलेला ब्राउझर

संगणकावरच्या एका पानावर दोन विषयांचे गुण भरण्यासाठी दोन चौकटी आहेत. आपण ३५ आणि ४० भरतो, आणि उत्तर येते ३५४०! जावास्क्रिप्ट या भाषेत अधिकचे चिन्ह संख्यांची बेरीज करते, पण अक्षरे दिली तर ती एकापुढे एक जोडते. आणि चौकटीत भरलेला मजकूर ब्राउझर अक्षरे म्हणूनच हाती देतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. पुढे तिच्यावर बँकांचे व्यवहार चालतील, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

असे दोष पकडण्याची रीत शिक्षकांना परकी नाही. प्रोग्रॅमचा एक लहान भाग घ्यायचा, उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न त्याला विचारायचा आणि उत्तर ताडून पाहायचे. हिचे नावही ओळखीचे आहे: युनिट टेस्ट, म्हणजे घटक चाचणी. फरक इतकाच, की येथे पेपर तपासतो संगणक. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी असे साधन मांडले. १९९७ मध्ये त्यांनी व एरिश गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिट लिहायला घेतले, तेही झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात.

जावास्क्रिप्टची अडचण वेगळी होती. आपली बेरीज ब्राउझरबाहेर तपासली, चाचणीत ३५ आणि ४० या संख्या दिल्या, तर उत्तर ७५ येते आणि दोष लपतो. म्हणजे पान उघडायलाच हवे. २००१ च्या सुमारास आलेले जेएसयुनिट तेच करी; खिडकी उघडायची आणि हिरवी पट्टी येते की लाल, ते पाहायचे. पण दिवसातून वीस वेळा पट्टी पाहायला माणूस कंटाळतो. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरला तर बहुधा पडदाच नसतो.

जानेवारी २०११ मध्ये आरिया हिदायत यांनी फँटमजेएस प्रसिद्ध केले. हा हेडलेस ब्राउझर. (शब्दशः भाषांतर ‘बिनडोक’ होईल, ते टाळलेले बरे.) तो पान वाचतो, त्याची मांडणी करतो, जावास्क्रिप्ट चालवतो, फक्त पडद्यावर खिडकी उघडत नाही. एका आज्ञेने शेकडो चाचण्या काही सेकंदांत होऊ लागल्या.

पण हा परीक्षक वाचकांच्या ब्राउझरपेक्षा वेगळा होता, आणि मागे पडत होता. भाषेतली ‘बाइंड’ ही सोय इतर ब्राउझरांत आलेली असताना फँटमजेएसच्या पहिल्या आवृत्त्यांत नव्हती. त्यामुळे बरोबर लिहिलेला प्रोग्रॅम नापास होई. उलट, येथे पास झालेला प्रोग्रॅम लोकांच्या ब्राउझरवर चालेलच, याची खात्री नसे.

२०१७ मध्ये क्रोमलाच खिडकीविना चालण्याची सोय मिळाली आणि फँटमजेएस सांभाळणाऱ्या विताली स्लोबोदिन यांनी ते काम सोडले. २०१८ मध्ये प्रकल्प थांबला. प्रश्न मात्र संपला नव्हता. क्रोमची ही सोय त्याच फाइलमध्ये असली तरी आतून बरीचशी स्वतंत्र लिहिलेली होती, म्हणून दोहोंच्या वागण्यात बारीक फरक उरले. २०२३ मध्ये, ११२ व्या आवृत्तीत, नवी पद्धत आली. तिच्यात नेहमीचाच क्रोम चालतो. तो खिडकीही तयार करतो. फक्त ती दाखवत नाही.