पहाणी आणि पाहणी : रैतु बाजाराच्या निमित्ताने

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आमच्या घरी तीन पिढ्या ऐकवली गेली. ऐकवणारे मात्र तिन्ही पिढ्यांत नोकरदारच होते. हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांची कथा बहुतेक अशीच आहे. मराठवाड्यातले वतन किंवा चार एकर जमीन मागे ठेवून कोणी वकिलीसाठी, कोणी दफ्तरात, कोणी शाळेत या शहरी आले. सुलतानबाजार, गौळीगुडा, काचीगुडा येथील वाड्यांत दरवर्षी गावाकडून ज्वारीची पोती येत. ती कोणी पिकवली, याची विचारणा क्वचितच होई. पोते आले, की शेती आपली आहे असा दिलासा मिळे.

हे प्रास्ताविक अशासाठी, की आम्हांस ज्या विषयावर लिहायचे आहे तो शेतमालाच्या बाजाराचा असला, तरी त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. शेतकरी कोणाला म्हणावे? महसूल खात्यात सारी हयात घालवूनही याचे उत्तर आम्हांस उशिराच उमगले.

बाजार सुधारण्याच्या प्रयत्नांची सुरुवात आपल्याच परिसरात झाली, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रज रेसिडेंटाच्या कारभाराखाली गेला. तेथील कारंजा या गावी १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ उघडली, असे मानले जाते. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. यामागे शेतकऱ्याविषयीचा कळवळा मुख्य होता असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात हवा होता, आणि त्यासाठी बाजाराला शिस्त लावणे इंग्रजांना भाग होते. शेतकऱ्याच्या पदरात जे पडले ते ओघाने पडले.

शिस्तीची गरज मात्र खरीच होती. अडत्याने आणि खरेदीदाराने उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून सौदा करावा आणि मालाच्या धन्याने शेजारी उभे राहून तो ऐकूही नये, ही त्या काळची सर्रास रीत. त्यावर अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय अशी कपातीची माळ. धर्मादायाचे पुण्य व्यापाऱ्याच्या नावे जमा होई आणि पैसा शेतकऱ्याच्या गाठीचा जाई. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि १९३० मध्ये, फसली १३३९ मध्ये, निजाम सरकारने आपला शेतमाल बाजार कायदा केला. मुंबई इलाख्यात सर्व शेतमालाला लागू होणारा तसा कायदा व्हायला १९३९ साल उजाडले. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा ही परंपराही तीन वाटांनी गेली. मराठवाड्याला महाराष्ट्राचा १९६३ चा, तर तेलंगणाला आंध्र प्रदेशाचा १९६६ चा कायदा लागू झाला.

या कायद्यांनी उघडा लिलाव आला, परवानाधारक तोलारी आले, कपातींना मर्यादा आली. तरीही एक उणीव राहिली. कापूस, तूर, भुईमूग हा टिकाऊ माल. त्याचा धनी भाव पटला नाही तर चार दिवस थांबू शकतो. भाजीवाल्याला चार तासही थांबता येत नाही. पहाटे तोडलेली मेथी दुपारी माना टाकते, आणि तिच्याबरोबर शेतकऱ्याचा भावही. शहरात येणारी भाजी तीन-चार हातांतून फिरून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडे. गिऱ्हाईक महागाई म्हणून ओरडे, शेतकरी मातीमोल भाव म्हणून रडे, आणि दोघांचेही खरे असे.

याला उपाय म्हणून पंजाबात १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. त्यानंतर १९९८ च्या शरदात कांदा एवढा भडकला, की राजधानीच्या निवडणुकीत त्याचीच चर्चा झाली. या पार्श्वभूमीवर आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडू यांच्या सरकारने २६ जानेवारी १९९९ रोजी 'रैतु बाजार' ही योजना आणली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तामिळनाडूत मदुरै येथे 'उळवर संदै' सुरू झाली. आपला 'रयत' आणि तेलुगूचा 'रैतु' हे एकाच अरबी शब्दाचे वंशज. आपल्याकडे रयत म्हणजे राजाची समस्त प्रजा, तेलुगूत रैतु म्हणजे केवळ शेतकरी. राज्य कोणाच्या जिवावर चालते, हे तेलुगू भाषेने अधिक नेमके ओळखले असे म्हणावे लागेल.

योजना विचारपूर्वक आखलेली होती. शहरात सुमारे एक एकर सरकारी जागा, शेतकऱ्याला गाळ्याचे भाडे नाही, तराजू सरकारचा, माल आणायला राज्य परिवहनाची बस. रोज सकाळी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि बाजाराचा अधिकारी बसून भाव ठरवीत. घाऊक दराहून सुमारे २५ टक्के अधिक आणि किरकोळ दराहून सुमारे २५ टक्के कमी, असा साधारण दंडक होता. भाव फळ्यावर लिहिला जाई. एर्रागड्डा, मेहदीपट्टणम, सरूरनगर, कुकटपल्ली या बाजारांत पहाटे जी गर्दी लोटे, ती पाहून आम्हांस आमच्या खात्याचा खरोखर अभिमान वाटे.

या बाजारांसाठी गावोगावचे भाजी पिकवणारे शेतकरी निवडून त्यांना छायाचित्रासह ओळखपत्रे द्यायची, हे काम महसूल, फलोत्पादन आणि कृषी खात्यांच्या पथकांकडे होते. त्या वेळच्या रंगारेड्डी जिल्ह्यातील अशा एका पथकात आम्ही होतो. चावडीवर टेबल मांडले, दफ्तर उघडले आणि उताऱ्यावर ज्यांची नावे त्यांना बोलावले. तेलंगणात या उताऱ्याला 'पहाणी' म्हणतात. निजामाच्या महसुली दफ्तरात रुजलेला हा शब्द आपला मराठीच आहे. शेतावर जाऊन, उभे पीक डोळ्यांनी पाहून जी नोंद करायची, ती पहाणी.

रांगेत एक बाई होती. दीड एकरावर वांगी, भेंडी आणि पालक तिने स्वतः लावलेला. पण जमीन मक्त्याची. तेलुगूत अशा शेतकऱ्याला 'कौलु रैतु' म्हणतात. हा 'कौल' आपल्या कौलनाम्यातलाच, म्हणजे तोंडी दिलेला शब्द. तोंडी शब्दाची नोंद पहाणीत नव्हती. आम्ही तिला नियम समजावून सांगितला. ती एवढेच म्हणाली, "शेतात येऊन बघा ना, साहेब." शेत चावडीपासून हाकेच्या अंतरावर होते. आम्ही गेलो नाही. त्या जमिनीच्या मालकाला मात्र ओळखपत्र मिळाले. तो शहरात राहत होता, आणि त्याची कागदपत्रे चोख होती.

पुढे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांना आली असेलच. ते ओळखपत्र एका भाजी व्यापाऱ्याच्या हाती गेले. हे उघडकीस आणले ते खात्याने नव्हे, तर गिऱ्हाइकांनी. आमच्या परिचयाच्या एक निवृत्त मराठी शिक्षिका रोज त्या बाजारात जात. घाऊक भाव आणि फळ्यावरचा भाव त्या एका वहीत टिपून ठेवीत. त्यांचे म्हणणे सरळ होते. ज्याच्यापुढे एकाच दिवशी बटाटा, फ्लॉवर, कारली आणि सिमला मिरची मांडलेली आहे, त्याच्या शेतात हे सारे एकदम कसे पिकले? बाईंभोवती हळूहळू सात-आठ माणसे जमली. एक माजी पोस्टमास्तर, दोन गृहिणी, कृषी महाविद्यालयातली तीन मुले. पगार नाही, पद नाही, बिल्लाही नाही. पहाटे वजन तपासावे, निरक्षर शेतकऱ्याला हिशेब करून द्यावा आणि रविवारी बस धरून गावी जावे, एवढेच त्यांचे काम. गावी जाऊन ते काय करीत? शेत पाहत. कोणाच्या वाफ्यात काय उभे आहे आणि खुरपे कोणाच्या हातात आहे, हे लिहून आणीत. जी पहाणी करण्याचा आम्हांस पगार होता, ती हे लोक पदरमोड करून करीत होते.

ती वही घेऊन बाई एके दिवशी आमच्या घरी आल्या. वांगी-भेंडीवालीचे नाव तिच्यात होते. नियम आडवा येतो, असे आम्ही म्हटले. त्यांनी शांतपणे योजनेचे परिपत्रक मागितले आणि एका ओळीवर बोट ठेवले. प्रत्येक बाजारासाठी निवडायच्या अडीचशे शेतकऱ्यांत भाजी पिकवणाऱ्या दहा गटांचाही समावेश करावा, असे तेथे लिहिले होते. गटातल्या प्रत्येकीच्या नावावर जमीन हवी, असे कोठेही लिहिलेले नव्हते. ते परिपत्रक आमच्या सहीने खाली गेले होते. आम्ही ते वाचले मात्र नव्हते. पुढच्या हंगामात ती बाई बचत गटाच्या नावे त्या बाजारात बसली. आम्ही तिच्याकडून पालक घेतला. तिने आम्हांस ओळखले की नाही कोण जाणे. जुडी मात्र दोन काड्या जास्त घालून दिली.

याहून मोठ्या प्रमाणावर, स्वतःच्या बळावर उभे राहिलेले काम झहीराबाद परिसरात झाले. १९८३ साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांच्या संघांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, ज्वारी-बाजरीसारखी धान्ये पुन्हा पेरली आणि गावातच धान्यसाठे उभारले. दर संक्रांतीला बियाण्यांनी सजवलेल्या बैलगाड्यांची त्यांची जत्रा गावोगाव फिरू लागली. २०१९ मध्ये त्यांना 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश २०२३ मध्ये निवर्तले. शहरातल्या गिऱ्हाइकाने धान्याची किंमत देताना ते पिकवणारीचे गावही विचारावे, हा पायंडा अशा प्रयत्नांनी पडला.

सरकारी योजना सरकारबरोबर वर-खाली होतात. तामिळनाडूत २००१ च्या सत्ताबदलानंतर संदैंकडे दुर्लक्ष झाले आणि २००६ नंतर त्यांना पुन्हा उजाळा मिळाला. महाराष्ट्रानेही २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान काढले. पण नाव कोणाचे लागते, हा प्रश्न जागच्या जागी आहे. तेलंगणात २०१८ साली आलेली 'रैतु बंधु' ही एकरी मदतीची योजना जमीनमालकांसाठी होती. कौलु रैतु तिच्याबाहेरच राहिला. मालकाच्या खात्यात पैसे पोहोचले आणि कष्टकऱ्याने खंड पूर्वीप्रमाणेच भरला.

आता थोडे आपल्याविषयी. हे टिपण वाचणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या नावे परभणी, नांदेड, लातूर, धाराशिवकडे आजही जमीन असेल. ती कोणीतरी बटईने किंवा खंडाने कसत असेल. महाराष्ट्रात २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू झाली असून पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करता येते. ती नोंद होते का, आणि शेत प्रत्यक्ष कसणाऱ्याला पीकविमा, अनुदान, भरपाई यांतले काय मिळते, हे विचारण्यासाठी कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. आम्ही गेल्या वर्षी आमच्या वाट्याच्या चार एकरांवर बऱ्याच काळाने जाऊन आलो. कसणाऱ्या गृहस्थांचे नाव आम्हांस ठाऊक होते. त्यांच्या पत्नीचे नव्हते, आणि निम्मे काम त्याच करतात. घरी परतल्यावर दोघांचीही नावे घालून लेखी करार केला. एका वहीत दोन नावे लिहायला आम्हांस पंचवीस वर्षे लागली. वाचकांना तेवढी लागू नयेत.