सकाळपर्यंत निश्चित कळेल

३० जुलै १९६४, मध्यरात्र. दक्षिण व्हिएतनामच्या वेगवान नौका टोंकिनच्या आखातात उत्तरेच्या होन मे आणि होन न्गू या बेटांवर मारा करून परततात. नौका अमेरिकेने पुरवलेल्या, आखणीही अमेरिकेची. योजनेचे गुप्त नाव ३४-ए.

२ ऑगस्ट, रविवार. उत्तर व्हिएतनामच्या तीन पाणतीर नौका आखातात गस्त घालणाऱ्या ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर चालून येतात. मॅडॉक्स इशाऱ्यादाखल आधी तोफा डागते. एकही पाणतीर तिला लागत नाही. तिच्यावर मशीनगनच्या एका गोळीची खूण राहते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन प्रत्युत्तर देत नाहीत. ‘टर्नर जॉय’ ही दुसरी विनाशिका सोबतीला देऊन गस्त चालू ठेवली जाते.

३ ऑगस्ट, रात्र. पुन्हा ३४-ए. या वेळी विन्ह सोनच्या रडार केंद्रावर मारा. दोन्ही विनाशिकांचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक वर कळवतात, की उत्तर व्हिएतनाम आपल्या गस्तीचा संबंध थेट या हल्ल्यांशी जोडतो आणि आपल्या जहाजांना शत्रू समजतो. गस्त थांबत नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार. यापुढच्या वेळा वॉशिंग्टनच्या. आखातात तेव्हा रात्र आहे, आकाशात चंद्र नाही, हवा खराब आहे.

सकाळी ७:४०. मॅडॉक्सचा संदेश: हल्ला होण्याची चिन्हे आहेत.

९:१२. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा जॉन्सनना फोन करून ही बातमी देतात. निवडणुकीला तीन महिने उरले आहेत. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर जॉन्सनना नेभळट ठरवू पाहत आहेत.

९:४०च्या सुमारास. टर्नर जॉय रडारवरच्या ठिपक्यांवर तोफा डागू लागते. मॅडॉक्सच्या सोनारवर एकामागून एक पाणतीर ऐकू येतात. आकडा वीसच्या पुढे जातो. जहाज भरवेगात वळणे घेत आहे, आणि अशा वळणावर त्याच्या स्वतःच्याच सुकाणूचा आणि पंख्यांचा आवाज सोनारवर उमटतो. वर घिरट्या घालणारे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांना आपल्या दोन विनाशिकांखेरीज एकही नौका दिसत नाही.

११:०६. मॅकनमारांचा फोन: विनाशिकांवर पाणतिरांचा हल्ला चालू आहे.

दुपारी १च्या सुमारास. व्हाइट हाउसमध्ये जेवणाच्या टेबलावर बाँबहल्ल्याचा निर्णय जवळजवळ पक्का होतो.

१:२७. हेरिक यांचा संदेश निघतो. नोंदवलेल्या पाणतिरांपैकी आणि नौकांपैकी बऱ्याच संशयास्पद वाटतात. विचित्र हवामानाचा रडारवर परिणाम झाला असावा, सोनारवरचे खलाशी अतिउत्साही असावेत. मॅडॉक्सवरून कोणीही डोळ्यांनी काही पाहिलेले नाही. पुढची कारवाई करण्याआधी पूर्ण छाननी व्हावी.

त्या दिवसाच्या सगळ्या कागदांत माझ्या मते हा सर्वांत मोलाचा. ज्याच्यावर हल्ला झाला असे सांगितले जात होते, तोच अधिकारी थांबा म्हणत होता. एकाही अमेरिकी खलाशाला इजा झालेली नव्हती. दोन्ही जहाजे सुखरूप होती. उजाडेपर्यंत वाट पाहण्याने कोणाचाही जीव धोक्यात येणार नव्हता. शस्त्र हा शेवटचा उपाय असावा, ही युद्धनीतीतली फार जुनी अट आहे. इथे तिने मागितली होती फक्त एक रात्र.

४:०८. मॅकनमारा होनोलुलूला अ‍ॅडमिरल युलिसिस शार्प यांना फोन करतात. हल्ला झालाच नसेल, अशी शक्यता आहे का? किंचित आहे, असे शार्प सांगतात. नक्की कळेपर्यंत कारवाई नको, यावर दोघांचे एकमत होते. मात्र हल्ल्याचा आदेश मागे घेतला जात नाही. त्याची तयारी सुरूच राहते.

४:४७. हल्ला खरोखर झाला का, हे तपासायला मॅकनमारा सेनाप्रमुखांसोबत बसतात.

४:४९. बाँबहल्ल्याचा अंमलबजावणी आदेश रवाना होतो. बैठक सुरू होऊन दोन मिनिटे झाली आहेत.

५:२३. शार्प कळवतात, हल्ला झाला याची आता खात्री पटली. टर्नर जॉयवरच्या काही जणांनी पाहिल्याच्या साक्षी आहेत. पण मुख्य भिस्त आहे ती पकडलेल्या व्हिएतनामी बिनतारी संदेशांवर. याच संदेशांचा नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे इतिहासकार रॉबर्ट हॅन्योक यांनी अभ्यास केला. तो २००५मध्ये खुला झाला. त्या रात्री हल्ला झालाच नव्हता, आणि तसे सुचवणारे बहुतांश संदेश वरपर्यंत पोहोचवलेच गेले नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष.

६:१५. राष्ट्रीय सुरक्षा परिषद. जॉन्सन विचारतात, आखातात आपल्या जहाजांवर हल्ला करून त्यांना युद्ध हवे आहे का? सीआयएचे प्रमुख जॉन मॅकोन नाही म्हणतात. आपण त्यांच्या बेटांवर हल्ले केले, त्याचा ते बचाव म्हणून प्रतिकार करत आहेत. हे उत्तर टिपणात नोंदले जाते आणि तिथेच राहते.

मग माहिती विभागाचे प्रमुख कार्ल रोवन विचारतात, ही आगळीक खरोखर घडली, हे आपल्याला नक्की माहीत आहे का?

मॅकनमारा म्हणतात, सकाळपर्यंत निश्चित कळेल.

यावर विमाने सकाळपर्यंत थांबवा, असे कोणी म्हटल्याची नोंद नाही. निर्णय घेणारी माणसे मूर्ख नव्हती. प्रश्न योग्य होता आणि तो योग्य जागी विचारला गेला होता. पण ज्याला मारायला निघालो त्याचा अपराध आधी सिद्ध करायचा, हे ओझे मारणाऱ्याचे असते. ते त्या टेबलावर कोणी उचलले नाही.

६:४५. काँग्रेसच्या नेत्यांना बोलावून माहिती दिली जाते. त्यांचा पाठिंबा मिळतो.

रात्री १०च्या सुमारास. जॉन्सन गोल्डवॉटरना फोन करतात. तेही पाठीशी उभे राहतात. विमानवाहू नौकांकडून उड्डाणाची पक्की बातमी येण्यास उशीर होतो आणि भाषण लांबणीवर पडत जाते. मध्यरात्रीच्या आत दूरचित्रवाणीवर बोलायचे आहे.

११:३६. जॉन्सन देशाला सांगतात, कारवाई या क्षणी चालू आहे. युद्ध वाढवण्याची इच्छा नाही, असेही सांगतात. एकही बाँब अजून पडलेला नाही.

५ ऑगस्ट. ‘टिकॉन्डेरोगा’ आणि ‘कॉन्स्टेलेशन’वरून ६४ उड्डाणे. विन्हच्या तेलसाठ्यावर जाणाऱ्या तुकडीचे नेतृत्व स्टॉकडेल करतात, ज्यांना आदल्या रात्री काही दिसले नव्हते. दोन विमाने पडतात. रिचर्ड सॅदर ठार होतात. एव्हरेट अल्वारेझ होन गाईजवळ पकडले जातात. त्यांची सुटका फेब्रुवारी १९७३मध्ये होणार आहे.

६ ऑगस्ट. सिनेटच्या समितीपुढे मॅकनमारा सांगतात, दक्षिण व्हिएतनामच्या अशा काही कारवाया असल्याच, तर आमच्या नौदलाचा त्यांच्याशी संबंध नव्हता आणि त्याला त्यांची माहितीही नव्हती. हेरिक यांचा ३४-एविषयीचा संदेश तेव्हा संरक्षण खात्याच्या दप्तरी आहे.

७ ऑगस्ट. टोंकिन ठराव. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. आग्नेय आशियात आवश्यक वाटेल ते करण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती जातो. विरोधात मत देतात ऑरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. १९६८मध्ये दोघांच्याही जागा गेल्या. त्या वर्षअखेर व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते.