बहुखंडी आरसा : गॅमाकिरणांच्या दुर्बिणीचा एक अध्याय

‘दुर्बीण’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. दूरचे पाहणारी ती दुर्बीण. जमिनीवरील गॅमाकिरण-दुर्बिणीस हे नाव लावताना थोडे अडखळावयास होते, कारण तिच्या आरशापर्यंत गॅमाकिरण येतच नाहीत. ते वातावरणाच्या वरच्या थरांतच लय पावतात. त्यांपासून कणांचा जो वर्षाव उत्पन्न होतो, त्याचा क्षीण निळसर चेरेन्कोव्ह-प्रकाश तेवढा खाली पोहोचतो, आणि तोही काही अब्जांश सेकंदच टिकतो. गॅलब्रेथ व जेली यांनी हार्वेल येथे आकाशातील असा प्रकाश प्रथम टिपला व १९५३ साली ते वृत्त प्रसिद्ध केले. त्यांचा २५ सेंटिमीटरांचा आरसा कचऱ्याच्या पिंपात बसविलेला होता.

प्रकाश पुष्कळ हवा, प्रतिमा फार रेखीव नसली तरी चालेल, ही या शाखेची सोय होय. तीमुळेच एकसंध प्रचंड आरसा घासण्याचा खर्च टळला. उपाय मात्र ज्योतिषशास्त्रातून आला नाही. डेव्हिस व कॉटन यांनी १९५७ साली सौरभट्टीसाठी एक रचना मांडली होती. तीत चौकट गोलीय असून तिची त्रिज्या नाभीय अंतराइतकी असते. तिजवरील प्रत्येक लहान आरसाही गोलीयच, परंतु त्याची वक्रतात्रिज्या दुप्पट. त्यामुळे सर्व तुकडे एकाच मापाचे घडविता येतात, आणि तिरकस येणाऱ्या किरणांची प्रतिमा अन्वस्तीय आरशाच्या मानाने कमी विस्कटते. १९६८ साली अ‍ॅरिझोनातील माउंट हॉपकिन्सवर उभारलेल्या १० मीटर व्यासाच्या व्हिपल दुर्बिणीत असे २४८ षट्कोनी तुकडे होते. (यास ‘खंडित आरसा’ म्हणणे मला रुचत नाही. मराठीत खंडित म्हणजे भंगलेले. खंडित मूर्ती आपण पूजेतून दूर करतो.)

आरशाची थोरवी सांगताना एक गोष्ट विसरली जाते. १९६८ नंतर सुमारे वीस वर्षे या दुर्बिणीला एकही निर्विवाद उगम सापडला नाही. वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघाचा शोध १९८९ साली प्रसिद्ध झाला, तो ३७ घटकांच्या कॅमेऱ्यामुळे आणि वर्षावाच्या प्रतिमेवरून गॅमाकिरण ओळखण्याच्या हिलास यांच्या १९८५ च्या पद्धतीमुळे. आरसा आधीपासून सज्ज होता. पाहावे कसे, हे पुढे उमगले.

डेव्हिस-कॉटन रचनेत एक उणेपणही आहे. मध्यावरून व कडेवरून परावर्तित झालेले किरण नाभीशी एकाच क्षणी येत नाहीत. व्यास वाढेल तसा हा फरक मूळ प्रकाशस्फुरणाच्या कालावधीशी बरोबरी करू लागतो. म्हणून ला पाल्मा बेटावरील १७ मीटर व्यासाच्या ‘मॅजिक’ने अन्वस्तीय रूप स्वीकारले. अर्थात तुकडे एकसारखे असण्याची सोय तेथे गेली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले येथे उभारलेली ‘मेस’ दुर्बीण याच वाटेने गेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिच्या २१ मीटर व्यासाच्या परावर्तकात ३५६ फलक असून त्यांवरील आरशांची नाभीय अंतरे मध्याकडून कडेकडे वाढत जातात. दुर्बीण कलली की चौकट स्वतःच्याच भाराने किंचित वाकते. यास्तव फलकांचा कल यंत्राने पुन्हा जुळविण्याची तजवीज तीत केलेली आहे.