बनारसीदासांची बिऱ्हाडे



गेल्या दिवाळीनंतर आम्ही सांगलीचे बिऱ्हाड मोडून मुलाकडे इंदूरला आलो. सामान बांधून झाले आणि ठरल्या दिवशी ट्रकच आला नाही. तीन दिवस आम्ही दोघे रिकाम्या घरात सतरंजीवर बसून होतो. वाचायला म्हणून वरच्या खोक्यातून हाताला लागले ते पुस्तक काढले, तर ते निघाले सासऱ्यांचे 'अर्धकथानक'. नाथूराम प्रेमींनी संपादन करून मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकरकडून 1943 साली काढलेले. जुनी व्रजमिश्रित हिंदी आहे, पण नेटाने वाचली तर समजते.

पंडित बनारसीदास आपल्याला माहीत आहेत ते 'समयसार नाटक'मुळे. स्वाध्यायाला बसणाऱ्या घरात ते पुस्तक असतेच. पण याच बनारसीदासांनी 1641 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्र्यात बसून स्वतःची सगळी हकिगत 675 दोहे-चौपायांत लिहिली. माणसाचे आयुष्य 110 वर्षांचे धरले, त्याचे अर्धे झाले, म्हणून नाव 'अर्धकथानक'. मी ते आत्मज्ञानाच्या ओढीने वाचायला घेतले आणि अडकले जमाखर्चात. बी.कॉम.ची खोड, दुसरे काय!

या घराण्याने किती वेळा बिऱ्हाड हलवले याची मी बोटांवर मोजणी केली, बोटे पुरेनात. आजोबा मूलदास माळव्यात नरवरला एका मुघल अंमलदाराचे मोदी होते. ते वारले तेव्हा त्या अंमलदाराने घरातले होते नव्हते ते जप्त केले. आजी लहानग्या खरगसेनला घेऊन निघाली आणि जौनपूरला माहेरी, जवाहिऱ्या बापाकडे पोचली. या स्थलांतराला अंदाजपत्रक कसले असणार? जमेच्या बाजूला एक मुलगा आणि माहेर, एवढेच.

हाच खरगसेन मोठा होऊन जवाहिऱ्या झाला आणि 1586 साली त्याच्या पोटी बनारसी जन्मले. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना, 1598 मध्ये, जौनपूरच्या नवाब किलीचने शहरातल्या सगळ्या जवाहिऱ्यांना धरले. मागितलेली वस्तू मिळाली नाही म्हणून फटके मारले. सुटका झाल्याबरोबर जो तो बायकापोरांना घेऊन फुटेल त्या वाटेने पळाला. खरगसेन पश्चिमेला गंगेकाठच्या शाहजादपूरला पोचले. रात्र, वरून पाऊस, सराईत बायकामुले भिजलेली, आणि कर्ता पुरुष रडतोय. तिथे करमचंद नावाचा एक वाणी आला आणि त्याने स्वतःचे घर यांना रिकामे करून दिले. रिकामे म्हणजे आपण भाड्याने घेतो तसे नव्हे! अंथरुणे, कपडे, भांडी, धान्य, सगळे भरलेले. खरगसेन नको नको म्हणत राहिले, करमचंदाने ऐकले नाही. दहा महिने हे कुटुंब तिथे राहिले.

मी दोन-तीनदा वाचला हा भाग. आम्ही इंदूरला पोचलो त्या रात्री शेजारच्या ताईंनी पोळ्या, भाजी आणि दुसऱ्या दिवशीच्या चहाचे दूध आणून दिले होते. सूर्यास्त होऊन गेला होता म्हणून मी पोळ्या तशाच झाकून ठेवल्या आणि सकाळी खाल्ल्या. त्या चार पोळ्यांवरून करमचंद किती मोठा ते कळले.

शाहजादपुरातच बनारसींची पहिली कमाई झाली. वडील व्यापारासाठी प्रयागला गेलेले, मुलाने कवड्यांची किरकोळ खरेदी-विक्री करून काही पैसे मिळवले ते आजीच्या हातावर ठेवले. आजीने नातवाची पहिली कमाई म्हणून मिठाई वाटली. पुढे वडिलांचे पत्र आल्यावर भाड्याने डोल्या केल्या, मजूर लावले आणि सगळे फतेहपूरला गेले. नंतर पुन्हा जौनपूर.

आता मी जिथे वही-पेन घेऊन बसले तो प्रसंग. 1610 साल. बनारसी आता लग्न झालेले, पण जरा वाया गेलेले चिरंजीव. वडिलांनी जवळ बोलावून सांगितले, हा माल घे, आग्र्याला जा, घराचा भार आता तुझ्या डोक्यावर. आणि मालाची यादी पुस्तकात नगासकट दिली आहे! मनगटात घालायचे दोन दागिने, दोन अंगठ्या, 24 माणके, 34 मणी, 9 नीलम, 20 पाचू, शिवाय बारीकसारीक खड्यांच्या चार गाठी. तूप 20 मण. तेलाचे दोन बुधले. जौनपुरी कापड, किंमत दोनशे रुपये. या सगळ्याचा पैसा कुठून आला तेही लिहिले आहे: काही घरचा, काही लोकांचा, काही रोख, काही उधार.

ही यादी मी वहीत उतरवून काढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. माल आहे, कर्ज आहे, पण हातखर्चाला वेगळे काढलेले पैसे कुठे आहेत? गाडीभाडे, वाटेतले खाणे, आग्र्यात उतरल्यावर पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे? त्या रकान्यात यादी गप्प आहे. खरगसेन मुरलेला व्यापारी, त्याला हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. माल विकला की त्यातूनच भागेल, हा त्याचा हिशेब. पण माल विकला गेला नाही तर?

गाड्या भरल्या, बरोबर इतर वाटसरू होतेच. दिवसाला पाच कोसांची मजल. या चालीने जौनपूर ते आग्रा म्हणजे महिन्याहून जास्तच. इटाव्याजवळ रात्री पाऊस कोसळला. सराईत जागा नाही, दारोदार फिरले, कुणी उभे करून घेईना. एका बाईला दया आली, तर तिचा नवरा काठी घेऊन उठला. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत आसरा मिळाला. तिथेही एक दांडगा आला, स्वतः खाटेवर झोपला आणि यांना एक गोणपाट देऊन खाटेखाली झोपायला लावले. वीस मण तूप आणि एवढी रत्ने बरोबर असलेला माणूस खाटेखाली! आमच्या तीन दिवसांच्या सतरंजीबद्दल मी त्यानंतर तक्रार केली नाही. (ट्रकवाल्याने दारात उभे राहून जास्तीचे पैसे मागितले त्याबद्दल मात्र केली.)

आग्र्यात मोतीकटऱ्यात उतरले. कापडाला भाव नव्हता, तूप-तेलात नफा झाला चार रुपये. देणेकऱ्यांना हुंडी पाठवावी लागली. रत्नांचे काय झाले ते वाचून तर मी कपाळावर हात मारला. काही इजारीच्या नाडीत बांधली होती, ती नाडी तुटून गेली. काही माणके कापडात बांधून ठेवलेली उंदराने पळवली. दागिने उधारीवर विकले तो गिऱ्हाईक बुडाला. अंगठी गाठ मारताना पडली. मग आजारपण. गावी वडिलांना बातमी पोचली तेव्हा त्यांनी घरात आकांत केला.

पुढचे सहा-सात महिने बनारसी एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवले. रोज कचोरी! माझे पित्त नुसते वाचून खवळले. एक दिवस त्यांनी स्वतःच त्याला सांगितले की माझ्याकडे द्यायला काही नाही. तो म्हणाला, आणखी खा, मी मागणार नाही. शेवटी हिशेब झाला चौदा रुपये आणि तो त्यांनी फेडलाही. रात्री दहा-वीस लोक जमायचे, त्यांना हे मधुमालती आणि मृगावतीच्या कथा वाचून दाखवायचे. गल्ल्यात काही नसताना माणसे जमवलीन, हे मला त्यांच्यातले आवडले.

काही काळाने ते सासुरवाडीला, खैराबादला गेले. रात्री बायकोने विचारले, आग्र्यात काय कमावले? आधी थापा मारल्या, मग खरे सांगून टाकले. तिने काय केले? रडली नाही, टाकून बोलली नाही. स्वतः जपून ठेवलेले वीस रुपये काढून हातात ठेवले आणि म्हणाली, कुणाला कळू देऊ नका. मग आईच्या कानावर घातले, आणि त्या माउलीने गुपचूप दोनशे रुपये दिले. त्या पैशावर बनारसींनी पुन्हा कापड आणि मोती घेतले आणि आग्रा गाठले.

खरगसेनच्या यादीत जो रकाना नव्हता तो खैराबादला होता, दोन बायकांच्या पेटीत. नीलम मोजून लिहिले, पाचू मोजून लिहिले. पण त्या बायकोचे नाव मी पुस्तकभर शोधले, मला सापडले नाही. ती पुढे लवकरच गेली, आणि तिच्या मृत्यूची बातमी घेऊन आलेल्या न्हाव्यानेच तिच्या बहिणीच्या सोयरिकीचा नारळही आणला. बनारसींनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. पुढे एकूण नऊ मुले झाली आणि नऊही गेली, तेही त्यांनी असेच सरळ लिहून ठेवले आहे.

आमच्या मुलाने बिऱ्हाडाचा खर्च लॅपटॉपवर मांडला होता. ट्रक, पॅकिंग, हमाली, विमा, नव्या घराचे डिपॉझिट, आणि शेवटी 'इतर' म्हणून दहा टक्के. चांगला मांडला होता, वाणिज्य शाखेची बाई म्हणून सांगते. तरी ट्रकच्या घोळात 'इतर' दुसऱ्याच दिवशी संपले. हमाल दारात उभे, मुलाचे ऑनलाइन काहीतरी अडकलेले. तेव्हा मी तांदळाच्या डब्यातून पुरचुंडी काढली. सून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हे शीटमध्ये कुठे होते?"

"खैराबादला," मी म्हटले. तिला तेव्हा काही कळले नाही. पुस्तक सध्या तिच्याकडे आहे, करमचंदाच्या घरापर्यंत आली आहे.