कागदावर नसलेल्या एकवीस जखमा

मंडळी, २ जून २०१५ या दिवशी वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये एक समारंभ झाला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या दोन सैनिकांना राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, म्हणजे मेडल ऑफ ऑनर, मरणोत्तर देणार होते. एकाचं पदक घ्यायला त्याच्या मुली आल्या होत्या. दुसऱ्याचं पदक घ्यायला घरचं कुणीच नव्हतं. शेवटी न्यूयॉर्क नॅशनल गार्डचे एक सार्जंट मेजर पुढं झाले आणि त्यांनी ते स्वीकारलं. पराक्रम घडला होता १९१८ साली. पदक मिळालं ९७ वर्षांनी. आजची गोष्ट आहे ती या मधल्या ९७ वर्षांची.

त्या सैनिकाचं नाव हेन्री जॉन्सन. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी नावाचं शहर आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनवर तो हमाली करायचा. जून १९१७मध्ये तो सैन्यात भरती झाला. त्याची पलटण सगळी काळ्यांची. पुढं ३६९वी इन्फंट्री म्हणून ती नावारूपाला आली. फ्रान्सच्या भूमीवर उतरल्यावर सुरुवातीला या पलटणीच्या हातात बंदुकीऐवजी फावडी आली. माल उतरवा, रस्ते करा, अशी कामं. गोऱ्या पलटणींच्या खांद्याला खांदा लावून काळ्यांनी लढावं, हे अमेरिकी सैन्याला रुचत नव्हतं. म्हणून ही पलटण फ्रेंच सैन्याच्या हवाली केली गेली. फ्रेंचांना माणसं हवीच होती. त्यांनी या शिपायांना आपल्या बंदुका दिल्या, आपली शिरस्त्राणं दिली आणि आघाडीवर नेलं. तिथं ही पलटण १९१ दिवस राहिली.

मे १९१८च्या मध्यावर, एका रात्री, आर्गॉनच्या जंगलाच्या कडेला जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोन साधे शिपाई पहाऱ्यावर होते. अंधारातून जर्मनांची टोळी चालून आली. निदान बारा जण तरी असावेत. रॉबर्ट्स गंभीर जखमी झाला. जर्मन त्याला कैदी म्हणून ओढून नेऊ लागले. जॉन्सननं हातबॉम्ब फेकले, गोळ्या झाडल्या. बंदूक अडकली तेव्हा तिच्या दस्त्यानं हाणामारी केली आणि शेवटी कोयत्यासारखा एक जड सुरा उपसून तो अंगावर धावून गेला. टोळी पळाली. रॉबर्ट्स वाचला. जॉन्सनच्या अंगावर एकवीस जखमा होत्या.

फ्रान्सनं दोघांनाही आपलं 'क्रॉ द गेर' हे शौर्यपदक दिलं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत नाव झळकलं. फेब्रुवारी १९१९मध्ये पलटण न्यूयॉर्कला परतली तेव्हा फिफ्थ ॲव्हेन्यूवर तिची मिरवणूक निघाली. जॉन्सनला उघड्या मोटारीत बसवलं होतं. रस्त्याच्या दुतर्फा माणसंच माणसं. पण त्याच्या स्वतःच्या देशानं त्याला एकही शौर्यपदक दिलं नाही. आणि सैन्यातून मोकळं करताना जे कागद हातात ठेवले, त्यांत त्या एकवीस जखमांचा उल्लेखच नव्हता.

आता कुणी म्हणेल, कागदाचं एवढं काय? जखमा तर अंगावर होत्या! पण सैनिकाच्या घरात जाऊन विचारा. आपल्याकडे माजी सैनिकाचं डिस्चार्ज बुक पेटीच्या तळाशी, कापडात गुंडाळून का ठेवलेलं असतं? कारण माणूस पलटणीतून बाहेर पडला की त्याची सगळी नोकरी त्या कागदात उरते. सातबाऱ्यावर नाव नसेल तर बापजाद्यांनी कसलेली जमीनही आपली म्हणता येत नाही, तसंच हे. कागदावर नाही ते घडलंच नाही.

जॉन्सन गप्प बसणारा नव्हता. सैन्यात काळ्यांना कशी वागणूक मिळाली, हे तो १९१९मध्ये सेंट लुईस शहरातल्या एका जाहीर भाषणात स्पष्ट बोलला. त्यानंतर त्याला व्याख्यानांची आमंत्रणं येणं थांबलं. जुलै १९२९मध्ये, वयाची चाळिशीही गाठली नसताना, तो वारला. युद्धात जखमी झालेल्यांना अमेरिका 'पर्पल हार्ट' हे पदक देते. ते आजच्या स्वरूपात सुरू झालं १९३२ साली, म्हणजे जॉन्सन गेल्यावर तीन वर्षांनी. आधीच्या युद्धातल्या जखमींनाही ते मागता येत होतं. पण मागणारा माणूसच राहिला नव्हता आणि कागद तर मुकाच होता.

मग मेलेल्या सैनिकाचा कागद दुरुस्त होतो का? होतो. पूर्वी अमेरिकेत त्यासाठी थेट संसदेत जावं लागे. एकेका माणसासाठी वेगळं विधेयक मांडलं जाई. १९४६च्या एका कायद्यानं ही प्रथा बंद केली आणि सैन्याच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी मंडळं नेमण्याची सोय झाली. या मंडळांवर गणवेशातले अधिकारी नसतात, मुलकी माणसं असतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायाची गरज असेल तर ही मुदत बाजूला ठेवता येते. सैनिक हयात नसेल तर विधवा, मुलं, कायदेशीर वारस अर्ज करू शकतात.

इथं पदकांचे दोन प्रकार ध्यानात घ्यायला हवेत. काही पदकं हक्काची असतात. अमुक मोहिमेत, अमुक काळात तुम्ही होतात, की ते पदक तुमचं. एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पायदळात प्रत्यक्ष लढल्याबद्दल ज्यांना 'कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज' हे बिल्ले मिळाले होते, त्या सर्वांना ब्राँझ स्टार पदक द्यावं, असं १९४७मध्ये ठरलं. पण बहुतेक शिपाई १९४५-४६लाच घरी परतले होते. त्यांच्या कागदावर हे पदक येणार कुठून? कित्येक जण शेती करत, गिरणीत राबत म्हातारे झाले, गेले. आपल्याला आणखी एक पदक होतं हे त्यांना कळलंही नाही. अशी नोंद नातवंडांनाही करून घेता येते. बिल्ल्याचा पुरावा दाखवला की झालं.

दुसरा प्रकार शौर्यपदकांचा. तिथं हक्क नाही. तिथं कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं, वरच्या अधिकाऱ्यानं शिफारस लिहिलेली असावी लागते. म्हणजे सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा असतो : त्या वेळी लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटलं का?

या प्रश्नाचं वजन कळण्यासाठी एप्रिल १९४५मधल्या इटलीत जाऊ. पश्चिम किनाऱ्याजवळ ५ एप्रिलला व्हर्नन बेकर या काळ्या अमेरिकी लेफ्टनंटनं एका किल्ल्यापर्यंत धडक मारली आणि जर्मन मशीनगनच्या जागा उद्ध्वस्त केल्या. त्याच आठवड्यात, त्याच देशात, पूर्वेकडे सेनिओ नदीच्या काठावर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून जखमी साथीदारांना पाण्यापलीकडे सुरक्षित नेलं आणि मग एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद पाडली. जाधवांना ब्रिटिश साम्राज्याचं सर्वोच्च पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, त्याच वर्षी मिळालं. इंग्रज काही फार मोठ्या मनाचे होते असं नव्हे. पण १९११पासून हिंदी शिपाई या पदकाला पात्र आहे असा नियम झाला होता आणि जाधवांच्या पराक्रमाचा कागद वरपर्यंत गेला. बेकरना मात्र खालच्या दर्जाच्या पदकावर समाधान मानावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक काळे अमेरिकी सैन्यात होते. त्यांतल्या एकालाही त्या काळात मेडल ऑफ ऑनर मिळालं नाही. १९९०च्या दशकात सैन्यानंच याचा अभ्यास करवला, तेव्हा त्याचं मूळ सैन्यातल्या वर्णभेदात असल्याचा निष्कर्ष निघाला. १३ जानेवारी १९९७ रोजी सात काळ्या सैनिकांना ते पदक दिलं गेलं. सातांतले एकटे बेकर तेवढे जिवंत होते.

जुने कागद शोधणाऱ्यांपुढं आणखी एक संकट आहे. १२ जुलै १९७३ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अमेरिकी सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती विझायला चार दिवसांहून अधिक लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या नोंदी गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. ही इमारत कुठं होती? सेंट लुईसजवळ, म्हणजे जॉन्सननं जिथं तोंड उघडलं होतं त्याच शहरालगत. तेव्हापासून तिथले कर्मचारी पगारपत्रकं, पलटणींचे रोजचे अहवाल, इस्पितळांतल्या नोंदी अशा बाजूच्या कागदांवरून माणसाची सेवा पुन्हा जुळवतात. गोधडी शिवावी तशी, तुकड्याला तुकडा जोडून.

जॉन्सनचं प्रकरणही असंच तुकड्यातुकड्यांनी जुळलं. ऑल्बनीतल्या जुन्या सैनिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९९६मध्ये पर्पल हार्ट मिळालं. जखमा झाल्यावर ७८ वर्षांनी त्या सरकारदरबारी मान्य झाल्या. २००२मध्ये डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. पण सर्वोच्च पदकासाठी पुरावा अपुरा, असं उत्तर आलं. मग एका सिनेटरच्या कार्यालयातल्या माणसांना जुन्या कागदांत अमेरिकी फौजेचे सेनापती जनरल पर्शिंग यांचा मे १९१८मधलाच अहवाल सापडला. त्या रात्रीच्या चकमकीचं वर्णन त्यात होतं. म्हणजे लिहिलं गेलं होतं! फक्त ते जॉन्सनच्या कागदांपर्यंत पोचलं नव्हतं. मुदत केव्हाच संपलेली, म्हणून संसदेनं कायद्यात खास सवलत दिली आणि २०१५चा तो दिवस उजाडला.

पण घरचं कुणी का नव्हतं? इथं गोष्टीला वेगळंच वळण लागतं. हर्मन जॉन्सन नावाचे एक गृहस्थ स्वतःला हेन्रीचा मुलगा मानत होते. तेही दुसऱ्या महायुद्धातले सैनिक. वडिलांना न्याय मिळावा म्हणून ते आयुष्यभर झटले आणि २००४मध्ये गेले. पदक देण्याआधी सैन्यानं वंशावळ तपासली, तेव्हा कागदोपत्री हे नातं जुळलं नाही. दुसरी एक समजूतही अशीच होती. हेन्रीला बेवारशासारखं कुठंतरी पुरलं, असं घरचे धरून चालले होते. पण तो आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत सन्मानानं पुरलेला निघाला. नोंदीत नाव होतं विल्यम हेन्री जॉन्सन, म्हणून कुणाला सापडत नव्हता.

मला या प्रकरणात हेच फार मोलाचं वाटतं. ज्या कागदानं जॉन्सनच्या जखमा पुसल्या, त्याच कागदानं त्याची कबर सांभाळली. आणि ज्या माणसांच्या आठवणीनं लढा जिवंत ठेवला, ती आठवणही काही ठिकाणी चुकली होती. पण हर्मन यांचं नातं खरं ठरलं नाही, म्हणून त्यांची धडपड खोटी ठरत नाही. ती नसती तर जुने कागद उघडून पाहायला कुणी गेलंच नसतं. नुसता कागद आंधळा असतो, नुसती आठवण हळवी असते. न्याय होतो तो दोघांची गाठ पडते तेव्हा.

मान मिळाला तरी तो टिकतोच असंही नाही. लुइझियाना राज्यातल्या फोर्ट पोक या लष्करी तळाला २०२३मध्ये जॉन्सनचं नाव दिलं गेलं. २०२५मध्ये ते काढून तळाला पुन्हा पोक हेच नाव दिलं गेलं, फक्त या वेळी दुसऱ्या एका पोक आडनावाच्या सेनाधिकाऱ्याच्या सन्मानार्थ. दारावरच्या पाट्या अशा बदलतात. अभिलेखात गेलेली नोंद मात्र तशीच राहते.

आपल्या गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. खाली लढाई कोरलेली, वर स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा. बहुतेकांवर नाव नसतं. कुणीतरी लढला, पडला, गावानं दगड उभा केला, एवढंच आपल्याला कळतं. त्या दगडांना आता नाव देता येणार नाही. पण आजोबांच्या पेटीतलं डिस्चार्ज बुक अजून वाचता येतं. या रविवारी ती पेटी उघडून पाहा. एखादी ओळ राहून गेलेली असेल, तर ती विचारायला अजून आपण आहोत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)