हुंकाराचा इतिहास

आजीच्या मांडीवर डोके ठेवून ज्यांनी गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना हुंकार म्हणजे काय हे सांगावयास नको. गोष्ट सांगणाऱ्याने एक वाक्य बोलावे आणि ऐकणाऱ्याने "हं" म्हणावे, असा तो करार असे. हुंकार जोराचा आला की राक्षस अधिक मोठा होई. हुंकार मंदावला की आजी ओळखी, मूल झोपले. गोष्ट एकट्या आजीची नसे. ती दोघांची असे.

आज लहान मुलांच्या हाती मोबाईलवरील गोष्टींची पुस्तके आली आहेत. त्यांतील चित्रास बोट लावले तर ते हलते, शब्दास लावले तर तो उच्चारला जातो, आणि मुलाने वाचलेले काही पुस्तके ऐकूनही घेतात. ह्या नव्या पुस्तकांविषयी बोलताना लोक एक तर डोळे दिपवून घेतात, नाही तर कपाळास हात लावतात. आम्हांस दोन्ही करावयाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की हे पुस्तक म्हणजे हरवलेला हुंकार परत मिळविण्याचा प्रयत्न आहे. आणि म्हणूनच ते कोणाचा हुंकार ऐकते, हा प्रश्न विचारला पाहिजे.

हुंकार हरवला तो छापखान्यात. मराठीत मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांचा आरंभ शोधू गेले तर तो पुण्यात नव्हे, तमिळ मुलखात सापडतो. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने 1806 च्या सुमारास इसापाच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' ह्या नावाने मराठीत छापल्या गेल्या. त्यानंतर बंगालमधील श्रीरामपुरास 1814 मध्ये सिंहासनबत्तिशी मराठीत निघाली. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांचे 'बाळमित्र' आणि इसापनीती 1828 साली आली. ह्या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. जी गोष्ट एका ओसरीपुरती होती ती शेकडो ओसऱ्यांवर गेली. परंतु छापलेल्या पानाला कान नसतात. मूल "मग काय झाले?" म्हणाले तरी पान आपल्याच चालीने पुढे जाते.

ही उणीव जाणत्यांना खुपत होती. वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी 1906 साली 'आनंद' मासिक काढले. 1971 साली बालभारतीचे 'किशोर' निघाले. मुलाला नुसता उपदेश करावयाचा नाही, त्याच्याशी बोलावयाचे, ही दृष्टी अशा मासिकांनी वाढविली. त्याहून मूलगामी काम ताराबाई मोडकांचे. गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासात भावनगरला बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीत काम मांडले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द त्या अनुभवातून आला आहे.

आता अलीकडच्या वर्षांकडे येऊ. 2004 साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्स ह्या संस्थेने 8 सप्टेंबर 2015 रोजी 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचे खुले भांडार सुरू केले. आरंभी तेथे 24 भाषांतील सुमारे 800 गोष्टी होत्या. कोणीही त्या फुकट वाचाव्यात, आपल्या भाषेत उतरवाव्यात, छापून वाटाव्यात, अशी मुभा होती. पुढे काही पुस्तकांना आवाज जोडला गेला आणि वाचनाबरोबर ओळीतील शब्द उजळू लागले. 2017 साली केंद्र सरकारचे 'दीक्षा' सुरू झाले, आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावरील चौकोनी ठशावर मोबाईल धरला की धडा बोलू लागला. 2019 साली गूगलने 'बोलो' नावाचे ॲप आणले. 2020 मध्ये त्याचे नाव बदलले तेव्हा त्यात मराठीही होती. ते मुलाचे वाचन ऐके, अडला तेथे शब्द सांगे, बरोबर आले की शाबासकी देई. दोनशे वर्षांनी पानाला कान फुटले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे कान कसे बनतात, हे पाहिले पाहिजे. यंत्राला भाषा कळत नाही. हजारो माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्यासमोर तेच बोलणे लिहून ठेवावे लागते. त्या जोडीवरून यंत्र पुढच्या आवाजाचा अंदाज बांधते. ज्या बोलीचे असे मुद्रण पुष्कळ, ती त्यास नीट ऐकू येते. ज्या बोलीचे थोडे, तेथे ते अडखळते. आमच्या वऱ्हाडातील मूल "पानी" म्हणते, पुस्तकात "पाणी" असते. आजीने त्यावर गोष्ट थांबविली नसती. यंत्राने त्यास चूक ठरवावे काय? मुलाला वाचता येत नाही आणि मुलाची बोली वेगळी आहे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत; शिकविणाऱ्याने त्यांत गल्लत केली, मग तो शिकविणारा माणूस असो वा यंत्र, तर मुलाचे तोंड मिटते.

वऱ्हाडीला निदान मराठीची लिपी आहे. आपल्या गावाच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, तीही नसलेली भाषा नांदते. तिचे नाव निहाली. ग्रियर्सन ह्यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1906 सालच्या चौथ्या खंडात स्टेन कोनो ह्यांनी तिची नोंद मुंडा भाषांबरोबर केली. 1962 साली डच पंडित कायपर ह्यांनी तिचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. कोरकूचे, द्राविडीचे, हिंदी-मराठीचे शब्द तिच्यात भरपूर. ते वेगळे काढल्यावर सुमारे चौथा हिस्सा असा उरतो की ज्याचे नाते जगातील कोणत्याही भाषेशी लागत नाही. पाण्याला 'जोप्पो' आणि अग्नीला 'आपो' म्हणणारी ही भाषा म्हणूनच एकाकी भाषा म्हणून गणली जाते. मैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने 2014 साली के. एस. नागराज ह्यांचे तिच्यावरील पुस्तक काढले. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा ही आपल्या शेजारची नावे अशा रीतीने जगाच्या विद्वत्तेत जाऊन बसली. बोलणारे मात्र दोनअडीच हजारांच्या आसपास सांगितले जातात, आणि युनेस्कोने ही भाषा अत्यंत धोक्यात असलेल्या भाषांत धरली आहे.

निहाली घरातील मूल शाळेत येते ते मराठीत. मोबाईल हाती घेते तोही हिंदी-मराठीत बोलतो. त्याच्या आजीच्या गोष्टीला ना पान मिळाले, ना कान. बोलक्या पुस्तकांचा प्रसार असाच होत गेला तर ती भाषा बुडविण्यास तीही हातभार लावतील, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पण ह्याच साधनात तारण्याची शक्तीही आहे. ऐकणारे पुस्तक करावयास मोठी साधनसामग्री लागते. बोलणारे पुस्तक करावयास लागत नाही. आजीचा आवाज, पाचसहा चित्रे आणि एक साधा मोबाईल इतके पुरे. लिपी नसलेल्या भाषेस छापखान्याने जे दिले नाही, ते ध्वनी देऊ शकतो. शेजारच्या कोरकूचे उदाहरण पाहा: उन्नती ह्या संस्थेने कोरकू मुलांसाठी त्यांच्या भाषेत चित्रगोष्टी तयार केल्या आणि त्या स्टोरीवीव्हरवर सर्वांस खुल्या झाल्या. जे मेळघाटच्या बाजूस झाले ते जामोदच्या बाजूस होणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की एक वर्षाखालील बालकास पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तासाहून अधिक नको. तेव्हा आजीचा आवाज मोबाईलमध्ये आला म्हणून आजीला रजा देता येणार नाही. मुलाशेजारी कोणी बसलेच पाहिजे. दुसरे, गोष्ट ज्यांची, पुस्तक त्यांचे. शहरातून कोणी जाऊन आवाज गोळा करावेत आणि पुन्हा तिकडे फिरकू नये, हे ताराबाईंच्या वाटेचे काम नव्हे. पुस्तक ज्या अंगणातून घेतले त्या अंगणात ते परत गेले पाहिजे.

ह्या सभेत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, खिशात मोबाईल नाही असा श्रोता विरळा. सातपुड्याकडे जाणारा रस्ताही दूर नाही. ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी दोघांनी त्या वाटेने जावे, एखाद्या आजीपुढे परवानगी मागून बसावे, आणि तिने एक गोष्ट सांगेपर्यंत शेजारच्या नातवंडाबरोबर हुंकार द्यावा. पुस्तक तेथून सुरू होईल.