सोबतीच्या जनावराचे माप

बुद्धिबळाच्या पटावर आज आपण ज्या घरी उंट मांडतो, त्या घरी जुन्या फारशी-अरबी शतरंजात हत्ती उभा असे. तो तिरकी दोन घरांची उडी घेई, वाटेतले मोहरे ओलांडून जाई. परंतु त्या चालीने साऱ्या डावात त्याला चौसष्टांपैकी अवघी आठच घरे गाठता येत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला लांब तिरकी चाल मिळाली, त्याच सुमारास वजीरही प्रबळ झाला, आणि डावाचा वेगच पालटला. खेळातल्या जनावराला बळ किती द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, एवढेच आम्हांस यावरून सुचवावयाचे आहे.

आज ज्या खेळाची हकीकत सांगावयाची, तो वयाने शतरंजापुढे तान्हा आहे. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावाहून 1974 साली तो प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोघे कर्ते. त्याचे पूर्वज शोधीत गेले, तर आपण प्रशियाच्या लष्करातील युद्धखेळापाशी पोहोचतो. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली त्याचे नियम छापले होते, आणि नकाशा, फासे व निवाडा देणारा पंच ही तिन्ही अंगे त्यात होती. लेक जिनीव्हाच्या खेळात मात्र सैन्याऐवजी एकेक माणूस आला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यावयाचे, आणि त्या पात्राला एक पेशा. आरंभी पेशे तीनच होते : योद्धा, जादूगार व धर्मोपदेशक.

पेशे वाढू लागले, तशी वाटणीची अडचण उभी राहिली. 1975 साली जो फिशर यांनी ‘रेंजर’ म्हणजे रानवाटा जाणणारा भटका वीर एका नियतकालिकातून पुढे आणला. 1976 च्या पुरवणीत वनपूजक ‘ड्रुइड’ हा खेळाडूंसाठी स्वतंत्र पेशा झाला. तथापि रानाशी नाते सांगणाऱ्या या दोघांनाही जनावर आपोआप मिळत नसे. 1978 च्या नियमग्रंथात रेंजरभोवती अनुयायी जमतात ते दहाव्या पायरीवर. तोवर बिचाऱ्याने एकट्याने वाटचाल करावी. सोबत ही तेव्हा कमाई होती, जन्मजात भांडवल नव्हते.

2003 च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीने हा संकोच टाकला. ड्रुइडला पहिल्याच पायरीवर लांडगा पाळता येऊ लागला. या लांडग्याचे प्राणांक सरासरी 13. आणि नव्या योद्ध्याचे 10, अधिक त्याच्या प्रकृतीचे जे काही असतील ते. म्हणजे एका खेळाडूचा नोकर हा दुसऱ्या खेळाडूच्या नायकाच्या तोडीस तोड! त्यावर कडी अशी की, पाचव्या पायरीपासून ड्रुइड स्वतःच पशुरूप घेई, आणि एक विशेष कौशल्य कमावले की त्या रूपातही मंत्र चालवी. रेंजरला मात्र सोबती मिळे तो चौथ्या पायरीवर, आणि त्याचे बळ निम्म्या पायरीच्या हिशेबाने. एका खुर्चीवर तीन लढवय्ये बसले व शेजारच्या खुर्चीवर अर्धा. योद्धा घेतलेला मित्र आपली पाळी येईतो फासे हातात घोळवीत बसे. मेजवानीत एकानेच दोन पाने वाढून घ्यावी आणि इतरांनी पंगत उठण्याची वाट पाहावी, तसा हा प्रकार होता.

मग उलट टोक आले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत रेंजरला तिसऱ्या पायरीवर लहानसे श्वापद मिळाले. पण त्याने चावा घ्यावा, तर धन्याने स्वतःची मुख्य कृती त्याला हुकूम देण्यात खर्चावी. पाचव्या पायरीपर्यंत धनी तरी लढे किंवा लांडगा तरी. हुकूम नसेल तर शत्रू अंगावर आला असताही लांडगा उभाच! हिशेब चोख होता, पण त्यात लांडगा राहिला नव्हता. शिवाय तिसऱ्या पायरीवर त्याचे प्राणांक 12. एक मोठा घाव, की खेळ संपला. खेळाडूंची नाराजी इतकी झाली की, 2020 मध्ये नवी तोड निघाली. भूचर, जलचर व खेचर असे तीन साचे ठरले. हुकमाला जोडकृती पुरू लागली. भूचराचे प्राणांक ‘पाच, अधिक पायरीची पाचपट’ झाले, म्हणजे तिसऱ्या पायरीवर 20. आणि मेलेला सोबती तासाभरात एक मंत्रशक्ती खर्चून उठवता येऊ लागला. 2024 च्या ग्रंथानेही हीच दिशा ठेवली.

या पन्नास वर्षांच्या इतिहासावरून आमचे मत असे बनले आहे की, नवा पेशा रचणाऱ्याने बळाआधी तीन खाती मांडावीत : पाळीचे, प्राणांचे आणि वियोगाचे.

उदाहरणादाखल धनगर व त्याचा कुत्रा घेऊ. योद्ध्याचा वार आठ पैलूंच्या फाशाचा, सरासरी साडेचार. बळाचे तीन मिळवून साडेसात. धनगराच्या काठीला सहा पैलूंचा फासा द्या, सरासरी साडेतीन. कुत्र्याच्या चाव्याला चार पैलूंचा, अधिक एक, म्हणजे तेही साडेतीन. बेरीज सात. उणा अर्धा ही दोन ठिकाणी उभे राहता येण्याची किंमत. दोघांनी एकाच पाळीत, एका दमात खेळावे. म्हणजे मित्रांचा वेळ खाल्ला जाणार नाही. योद्ध्याचे प्राणांक 12 असतील, तर धनगराला 8 व कुत्र्याला 5 द्यावेत. तुकड्यांत विभागलेला जीव लवकर संपतो, म्हणून एक अधिक.

राहिले वियोगाचे खाते. येथे 2003 ने बेफिकिरी केली, 2014 ने निष्ठुरपणा, आणि 2020 ने मरणच स्वस्त केले. आम्ही म्हणू, कुत्रा मरू शकावा. एरवी त्याला घेऊन रात्री डोंगर उतरण्यात जिवाची धाकधूक ती काय? पण त्याच्याबरोबर खेळाडूची निम्मी ताकद जाऊन तो प्रेक्षक होऊ नये. नवे पिल्लू तयार होईपर्यंत धनगराच्या काठीला दोन अधिक द्यावेत : साडेपाच. पूर्वीच्या सातांपेक्षा ते कमीच. उणीव भासावी, पण माणूस उभा राहावा.

समतोल म्हणजे सर्वांना सारखे बळ नव्हे. पंगतीतल्या प्रत्येकाला आपली पाळी आहे असे वाटणे, आणि प्रत्येकाजवळ गमावण्याजोगे काही असणे, हा तो समतोल. शतरंजाच्या हत्तीला आपली चाल सापडण्यास शतके लागली. मग या लांडग्याला पन्नास वर्षे लागली, तर त्याबद्दल कुरकूर कशाला करावी?